लोंबकान्या, आत्या आणि वहिनी

रेवस बंदराच्या वाटेवर आमचं घर आहे आणि त्या घरात सध्या एका सशावरून दोन पक्ष पडले आहेत. ससा आला पुतणीसाठी, वाढदिवसाची भेट म्हणून. दादाने तो मुंबईहून आणला, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने, झाकणाच्या टोपलीत घालून. करड्या रंगाचा, दीड किलोच्या आतबाहेर, कान गालांवर लोंबणारे. विकणाऱ्याने ‘मिनी लॉप’ असं जातीचं नाव सांगितलं. त्याची सगळी उस्तवार वहिनी करते. सासवण्याला दिलेली आमची आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. ती दारात शेळ्या राखते आणि येईल तेव्हा ‘हा लोंबकान्या या घरात असायला नको’ हे सांगितल्याशिवाय परत जात नाही. वहिनी ऐकून घेणाऱ्यांतली नाही. खाली दोघींचं बोलणं आहे, जमेल तितकं जसंच्या तसं. मधे मधे मी तोंड घातलंय, तेवढं चालवून घ्या.

आत्या : दारात जनावर असावं, पण त्याचं काही काम असावं. शेळी दूध देते, कुत्रं राखण करतं, मांजर उंदीर धरतं. हा काय करतो?

वहिनी : काही नाही. खातो, बसतो, आणि खूश झाला की हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो. सगळ्यांनी कामच करायला हवं का, आत्या?

आत्या : नको करू दे. मग त्याला सुखाने तरी राहू दे. त्याचं सुख पोरीच्या मांडीवर नाही, एवढं मला न वाचता कळतं.

वहिनी : ते मी वाचून मान्य केलंय. उचललं की त्याला वाटतं, घारीने उचललं. मागच्या पायांत जोर इतका असतो, की हवेत झटका दिला तर स्वतःच्याच पाठीचा कणा मोडून घेतो. म्हणून घरात नियम आहे. पोरीने जमिनीवर बसायचं. ससा जवळ आला तर आला, नाही आला तर उठून अभ्यासाला जायचं. कान धरून उचलण्याचं तर नाव काढायचं नाही.

आत्या : मग पोरीला त्यात मिळतं काय?

वहिनी : वाट बघायला मिळते. मोबाइलवर तेवढंच मिळत नाही.

आत्या यावर काही बोलली नाही. मला मात्र एक गोष्ट सांगायची आहे. सशाला उताणा धरला की तो निपचित पडतो आणि लोक त्याचे व्हिडिओ काढून ‘बघा कसा लाडात आलाय’ म्हणून पाठवतात. तो लाडात आलेला नसतो, भीतीने गोठलेला असतो. शिकाऱ्याच्या तोंडात सापडलेल्या प्राण्याचा तो शेवटचा उपाय आहे.

आत्या : आणि हे कान? रानातल्या सशाचे कान उभे असतात, चाहूल लागावी म्हणून. याचे पाडले कुणी?

वहिनी : माणसांनीच. लोंबत्या कानांचे मोठे ससे युरोपात आधीपासून होते. हॉलंडमध्ये आद्रियान द कॉक नावाच्या गृहस्थांनी १९४९ पासून त्यांचा बुटक्या जातीशी संकर करायला घेतला. १९६४ मध्ये त्यातून झालेल्या जातीला तिकडे मान्यता मिळाली. हॉलंड लॉप म्हणतात तिला, वजन दोन किलोच्या आत. मिनी लॉप त्यांचाच जर्मनीकडचा, जरा जाडजूड भाऊबंद.

आत्या : म्हणजे हौस.

वहिनी : हौसच. आणि तिचं बिल सशाच्या नावावर. डार्विनने १८६८ च्या पुस्तकात या लोंबकान्यांच्या कवट्या तपासून लिहिलंय, की कान पडला की कवटीतल्या कानाच्या हाडाच्या वाटेचा आकार आणि दिशासुद्धा बदलते. २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ३० ससे तपासले, १५ लोंबत्या कानांचे आणि १५ ताठ कानांचे. लोंबत्या कानांच्या सशांत कानाची नळी अरुंद झालेली, मेण साठलेलं, कानाला हात लावला की वेदना, असं जास्त आढळलं. दातांच्या तक्रारीही जास्त.

आत्या : हे सगळं माहीत असून आणलास?

वहिनी : मी नाही आणला. तुमच्या भाच्याने आणला. मी आणल्यानंतर वाचलं आणि आता सांभाळते. कान उचलून बघते, वास घेते. आत कापसाची काडी घालत नाही, मेण आणखी आत ढकललं जातं. डोकं एका बाजूला कलंडलं किंवा पायाने कान सारखा खाजवायला लागला, तर घरगुती तेलबिल न घालता डॉक्टर.

हा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो. कुत्र्यामांजरांच्या जातींबद्दल हल्ली थोडं बोललं जातं, चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास घेताना त्रास होतो वगैरे. सशाच्या पडलेल्या कानांबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते कान फारच गोड दिसतात. गोड दिसणं हाच त्यांचा उपयोग आहे आणि तो उपयोग आपल्याला होतो, सशाला नाही.

आत्या : बरं, गाजर तरी देतेस की नाही?

वहिनी : बोटाच्या पेराएवढं, कधीतरी. गाजर गोड असतं. रोज दिलं तर पोट बिघडतं. पाव, बिस्किट, पोहे, भात यातलं काहीच नाही. मेथी, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला थोडा थोडा. रुपयातले चौदा आणे मात्र गवतच. अठ्ठावीस दात असतात त्याला आणि सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळून चघळून ते झिजले नाहीत तर दाढांना धार येते, जीभ आणि गाल कापले जातात आणि मग तो खायचं सोडतो.

आत्या : गवताची काय चिंता? पेंढा आहे ढीगभर.

वहिनी : भाताचा पेंढा अंथरायला चांगला, कुरतडायलाही. त्यात कस नाही. मुंबईत टिमोथी नावाच्या विलायती गवताची पाकिटं मिळतात. भाव ऐकून हे म्हणाले, त्यापेक्षा बासमती खाऊ घालू.

आत्या : विलायती गवत? रेवसमध्ये? अगं, दसरा झाला की बांधावर कमरेएवढं गवत उभं असतं. फुलोऱ्यात असतानाच कापायचं, बी धरून पिवळं पडायच्या आत. दोन-तीन कडक उन्हं द्यायची, उलटपालट करायचं आणि माळ्यावर ठेवायचं, खाली हवा खेळेल असं. ओलं राहिलं तर बुरशी धरतं. मुठीत घेऊन वास घे. कुबट आला तर माझी शेळीसुद्धा तोंड लावत नाही, मग हा कुठला लावतोय. आणि हरळी तर विहिरीपाशी बारा महिने हिरवी असते.

वहिनी : फवारणी केलेल्या बांधावरचं नको हं, आत्या.

आत्या : मला शिकवतेस?

विरोधी पक्षाने वर्षभराच्या चाऱ्याची सोय करून दिली, हे त्या वेळी दोघींच्याही लक्षात आलं नाही. त्याच भेटीत आत्याने पांढऱ्या कांद्याची माळ आणली होती. अलिबागचा हा कांदा, भौगोलिक मानांकन मिळालेला, गोडीला प्रसिद्ध. पुतणी त्यातली पात तोडून सशाला द्यायला निघाली तेव्हा वहिनी ओरडलीच. कांदा, लसूण, पात यांतलं काहीही सशाच्या पोटात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा कितीही गोड असला तरी.

आत्या : पहाटे हा स्वतःचीच लेंडी खातो. मी बघितलंय. शी!

वहिनी : ती नेहमीची लेंडी नाही, आत्या. सशाच्या दोन प्रकारच्या असतात. एक कोरडी, गोल, वाटाण्याएवढी. दुसरी मऊ, घोसासारखी, आंबट वासाची. गवत एका फेरीत पचत नाही, म्हणून अर्धं पचलेलं बाहेर काढून तो परत खातो आणि त्यातलं सत्त्व घेतो.

आत्या : म्हणजे रवंथच की. फक्त उलट्या वाटेने.

हे वाक्य पशुवैद्यकाच्या पुस्तकात छापायला हरकत नाही. यानंतर आत्याने पिंजऱ्याखालचा ट्रे मागवला, कोरड्या लेंड्या बोटाने फोडून बघितल्या, आत तूस दिसतोय का ते पाहिलं आणि ‘पोट ठीक आहे’ असा निर्वाळा दिला. पण तेवढ्यावर ती पक्ष सोडणार नव्हती.

आत्या : शेळीचं पोट दुखलं तर ती ओरडून गाव गोळा करते. हा काय करेल?

वहिनी : कोपऱ्यात बसेल. एवढंच. जो प्राणी दुसऱ्याचं भक्ष्य असतो तो दुखणं लपवतो. आजारी दिसला की आधी त्यालाच धरतात ना. म्हणून आम्ही लेंड्या बघतो. लहान झाल्या, कमी झाल्या, एकमेकींना केसांनी जोडलेल्या दिसल्या, तर सावध. बारा तास खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, की आतडं थांबलं म्हणून समजायचं. त्याला उलटीही होत नाही. सकाळी बघू म्हटलं तर सकाळी ससा नसतो.

आत्या : आणि हे रात्री दहाला झालं तर?

इथे वहिनी पहिल्यांदा गप्प झाली.

आत्या : बोल की. तालुक्याचे डॉक्टर गुरांचे. गाय अडली तर धावत येतील, सशाला त्यांनी शेवटचं कधी तपासलं असेल? अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर. मुंबई समोर दिसते, दिवे दिसतात, पण मधे पाणी. मांडव्याची रो-रो २०२० पासून आहे, तीही रात्रीची नाही आणि समुद्र खवळला की दिवसाचीही नाही. करंजाचा पूल तर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून ऐकतेय. राहिला वडखळ-पेण-पनवेल रस्ता. त्या रस्त्यावर माणसं दमतात, तुझा ससा टिकेल?

वहिनी : परळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं. शेजारी बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे. तिथे जाऊ. पण तुमचं बरोबर आहे, रात्री नाही जाता येणार. म्हणून मी काय करून ठेवलंय ते ऐका. सशाला बघणारा एक डॉक्टर फोनवर ठरवून ठेवलाय. सुईशिवायची सिरिंज घरात आहे, भरवायची पूड आहे. आणि दोन औषधांची नावं फ्रिजवर लिहून लावलीत, द्यायची नाहीत म्हणून. एक अमॉक्सिसिलिन. कुत्र्यामांजराला, आपल्यालाही सर्रास देतात, पण सशाला तोंडातून दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यातच तो जातो. दुसरं फिप्रोनिल, गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते. सशाला ते विष. ससे न बघणारा डॉक्टर चांगल्या मनानेही ही चूक करू शकतो.

आत्या : हं. आणि उन्हाळा?

वहिनी : उन्हाळ्याचीच मला जास्त भीती. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे सोडतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तीस अंशांच्या वर पारा, त्यात खाऱ्या हवेचा दमटपणा. पंख्याने आपला घाम सुकतो, त्याला घामच नाही तर पंखा काय करणार? म्हणून दुपारी मधल्या खोलीत, शहाबादी फरशीवर. पाय घसरू नयेत म्हणून अर्ध्या भागात गोणपाट. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवते, तो तिला टेकून झोपतो. तोंड उघडून धापा टाकायला लागला, की कान ओल्या फडक्याने पुसायचे आणि डॉक्टरला फोन. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही.

आत्या : बाटली गोठवायला वीज लागते. ३ जून २०२० विसरलीस? निसर्ग वादळ गेलं आणि नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा मोबाइलसुद्धा जनरेटरवर पैसे देऊन चार्ज करत होतीस.

वहिनी : तेव्हा ससा नव्हता.

आत्या : पुढच्या वादळाला असेल. दहा वर्षं जगतो म्हणालीस ना? पोर सतरा वर्षांची होईल. कॉलेजला पनवेलला नाहीतर पुण्याला जाईल. हा इथेच. दहा वर्षं टिकणारं आणि कुणाला त्रास न देणारं जनावर हवं असेल तर आमच्या सासवण्याच्या करमरकर शिल्पालयातली म्हैस बघून ये. तिला चाराही लागत नाही.

पावसाळ्याचं बोलणं दोघींनी लवकर उरकलं, कारण तिथे मतभेद नव्हता. ओलसर पिंजरा, मागच्या पायांना चिकटलेली घाण आणि त्यावर बसणाऱ्या माश्या. माशीने कातडीवर अंडी घातली तर एका दिवसात अळ्या होतात, म्हणून पावसात रोज बूड तपासायचं. आंघोळ मात्र घालायची नाही. रात्री पिंजरा अंगणात नको, यावरही एकमत. मुंगूस, धामण, भटकी कुत्री आणि खाडीच्या कांदळवनातून येणारे कोल्हे, यांतल्या कुणाला आत शिरायचीही गरज नसते. जाळीबाहेर नुसतं फिरलं तरी ससा भीतीने दगावू शकतो.

वहिनी : आता एक विचारू? राग मानू नका. तुमच्या शेळ्यांना तुम्ही मुलांसारखं वाढवता. बोकड मात्र बकरी ईदच्या आधी विकता. ती माया कुठली?

आत्या : (बऱ्याच वेळाने) ती माया नाही, व्यवहार आहे. आणि मी तो लपवत नाही. बोकडाला वर्षभर मोकळं रान मिळतं, कळप मिळतो, तो दुसऱ्या बोकडाशी टक्कर घेतो. तुझा ससा दहा वर्षं जगेल, पण एकटा. त्यातलं बरं काय, ते तूच ठरव.

वहिनी : म्हणून तर मी दुसरा आणायचा म्हणतेय. ससे गटात राहणारे. एकटा ससा कंटाळतो, खायचं कमी करतो, जाळी कुरतडत बसतो.

आत्या : आण, आण. नर आणि मादी आण. एकतीस दिवसांत सहा पिल्लं, आणि व्याल्या दिवशीच ती परत गाभण राहू शकते. मग रेवस ते मांडवा सगळी घरं हिंडून पिल्लं वाटत बस.

वहिनी : हा नर आहे ना. दुसरा नर आणला तर भांडतील, म्हणून शस्त्रक्रिया करून मग...

आत्या : कोण म्हणालं हा नर आहे?

वहिनी : विकणाऱ्याने सांगितलं.

आत्याने सशाला मांडीवर घेतलं, पाठीला आणि बुडाला दोन्ही हातांचा आधार देऊन, वहिनीने सांगितलं होतं अगदी तसंच, आणि शेळी तपासायच्या सरावाने अर्ध्या मिनिटात निकाल दिला. लोंबकान्या नर नव्हता. लहान पिल्लांत हे ओळखणं अवघड असतं आणि दुकानात फार कुणी खोलात जात नाही. नंतर डॉक्टरांनीही आत्याचंच खरं केलं. नाव बदलायला पुतणीने नकार दिला, त्यामुळे घरात आता ‘लोंबकान्या आली का’ असं व्याकरण चालतं.

हसण्यावारी नेलं तरी ही गोष्ट गंभीर आहे. सशाची मादी तशीच ठेवली तर तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण फार मोठं असतं. गर्भाशय काढून टाकणं हा त्यावरचा उपाय, आणि सशाला भूल देणं हे सरावलेल्या हाताचं काम. म्हणजे पुन्हा पाणी ओलांडून मुंबई.

आत्या : आमच्या लहानपणी कापणीला शेतात सशाची पिल्लं सापडायची. पोरं घरी आणायची, दूध पाजायची, दोन दिवसांत मरायची. तेव्हापासून मला सशाचं प्रेम सोसत नाही.

वहिनी : ती रानसशाची पिल्लं, आत्या. तो प्राणीच वेगळा. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे. आई त्यांना गवतात एकटं ठेवून चरायला जाते आणि संध्याकाळी येऊन पाजते. पोरांना वाटतं, टाकून दिलीत. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळं खणणारा, त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. रानससा पकडायला, पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे.

आत्या : म्हणजे आम्ही आईपासून तोडली.

वहिनी : तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्या : तुला तरी कुणी सांगितलं होतं? आणायच्या आधी?

वहिनीने मान हलवली. दादा नेमका तेव्हाच लाँचवरून आला आणि दोघींनी मिळून त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून पुरते.

माझा कौल द्यायचा तर असा. ससा दुकानातून आणणं, तेही वाढदिवसाची भेट म्हणून, तेही लोंबत्या कानांचा, यात आत्याचं शंभर टक्के बरोबर आहे. आणू नये. आपण घेतो म्हणून ते कान पुढच्या पिढीत पाडले जातात. घरात येऊन पडलेल्या सशाला मात्र वहिनी हवी. लहान मूल ससा सांभाळू शकत नाही. ते गवत घालू शकतं, पाणी बदलू शकतं, लेंड्या कमी झाल्या तर ओरडून सांगू शकतं. लोंबकान्याचं आयुष्य ज्या माणसाच्या रोजच्या कामात बसतं ते माणूस मोठं असावं लागतं, आणि दहा वर्षं तिथेच राहणारं असावं लागतं. कुणी कंटाळून सोडून द्यायला निघालेला ससा मिळाला आणि घरात असं माणूस असेल, तर जरूर घ्या, जमलं तर त्याला सोबतही बघा.

त्याआधी एक फोन करा. जवळच्या पशुवैद्यकाला विचारा : तुम्ही शेवटचा ससा कधी तपासलात, आणि भूल देऊन शस्त्रक्रिया केलेला शेवटचा ससा कधी? उत्तर देताना ते अडखळले तर दुसऱ्याला फोन करा. तासा-दोन तासांच्या अंतरावर ठाम उत्तर देणारं कुणीच सापडलं नाही, तर ससा घरी आणू नका.